लग्नाच्या आईबापाची

मी कोणाची, हे मला माहीत नाही, आणि आता या वयात ते कळून काही उपयोगही नाही. पण या एकाच प्रश्नापायी माझ्या आयुष्याची वाट मोडली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मुरूम गावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं बाजाराचं गाव होतं. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, आणि भाजीवाल्या बायका भावावरून भांडायला लागल्या की कानडी. गावाच्या कडेला तीन सिस्टरांचं घर होतं. पुढं दवाखाना, बाजूला मुलींची शाळा आणि मागं कोणी नसलेल्या मुलींसाठी पत्र्याची लांबट खोली. त्या दवाखान्याच्या ओसरीवर एका पहाटे मला कोणीतरी शेण उचलायच्या पाटीत ठेवून गेलं. पाटी धुतलेली होती, असं मला पुढं मुद्दाम सांगण्यात आलं. जणू तेवढ्यानं माझी अब्रू वाचत होती.

मला पाहिलं दोघींनी. एक दवाखान्याच्या सिस्टर, आणि दुसरी गावातली मुसलमान दाई. तिला लहानथोर सगळे बूबू म्हणायचे. ती कुठल्याशा बाळंतिणीसाठी औषध न्यायला आली होती. पाटीवरचं फडकं दोघींनी मिळून उचललं. बूबू म्हणाली, "या अल्ला, कुनाची गं ही?" सिस्टरांनी मला उचललं आणि आत नेलं. त्या घरातल्या बाकीच्या दोघी सिस्टर दर काही वर्षांनी बदलून जायच्या, नव्या यायच्या. दवाखान्याच्या सिस्टर मात्र राहिल्या, कारण तेवढा हात बसलेली दुसरी कोणी मिळत नव्हती. मी त्यांच्याच हाताखाली वाढले.

त्या वसईकडच्या. त्यांचं मराठी ऐकून इथल्या बायका पदराआड हसायच्या. मग त्यांनीही 'लई' आणि 'न्हाय' उचललं आणि बायकांची करमणूक संपली. त्या डॉक्टर नव्हत्या, पण गाव त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणायचं. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन आमच्या भागात घरोघर नारू व्हायचा. पायाला फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा किडा तोंड बाहेर काढायचा. त्याला ओढून चालत नाही, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने जागेवर बसतो. सिस्टर त्याचं टोक काडीला गुंडाळायच्या आणि रोज काडीला एखादा वेढा द्यायच्या. माणूस शिव्या घालायचा, या हसायच्या. "ओढलं तर तुटंल, बाबा. उद्या ये," म्हणायच्या. पुढं ते काम मी शिकले, आणि माझा हात त्यांच्यापेक्षा हलका आहे असं लोक म्हणायला लागले. माझा स्वभाव मात्र हलका नव्हता. कोणी शिवी दिली की मी उलट द्यायची.

आमच्या घराची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या सिस्टरांकडं पाहिली नाही. संध्याकाळची जपमाळ संपली की जेवणाआधी प्रत्येक मुलीनं आज आपण काय खोटं बोललो ते मोठ्यानं सांगायचं. सांगितलं की शिक्षा नाही. "मी गुळाचा खडा खाल्ला आणि मांजराचं नाव सांगितलं." "मी दळण टाळायला पोट दुखतंय म्हणाले." ज्या मुली दिवसभरात खोटं बोललेल्याच नसायच्या त्या बिचाऱ्या काहीतरी बनवून सांगायच्या, आणि तेही सिस्टर पकडायच्या. त्यांना नुसतं तोंड बघून कळायचं. माझं तर एकदाही सुटलं नाही. मला त्याचा राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. माझ्या तोंडाकडं एवढं निरखून बघणारं दुसरं होतं कोण?

मला सिस्टर व्हायचं होतं. लहानपणी मी टॉवेल डोक्यावर घेऊन फिरायची, तेव्हा सगळे हसायचे. मोठेपणी मनातलं बोलले तेव्हा कोणी हसलं नाही. देवाची फार ओढ होती असं मी म्हणणार नाही. प्रार्थनेत मला झोप यायची. पण दवाखान्याच्या सिस्टर माझ्या कोण, याला उत्तर नव्हतं. आई म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं नाही. उद्या त्यांना दुसऱ्या गावी जायचा हुकूम आला तर त्या जाणार, आणि 'कुठं गेल्या' हे विचारायचाही मला हक्क नाही. त्यांच्यासारखीच पांढरी साडी, डोईवर पदरासारखा तोच पांढरा व्हेल आला की मी त्यांच्या घरातली होणार होते. मेल्यावर त्याच रांगेत पुरली जाणार होते. मला एवढंच हवं होतं, आणि ते मला जिवापाड हवं होतं.

सिस्टरांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मग त्या बराच वेळ औषधाच्या बाटल्या पुसत बसल्या. पुसलेल्याच बाटल्या परत पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एक नियम आहे."

नियम असा की जिला सिस्टर व्हायचंय, ती लग्नाच्या आईबापाची असली पाहिजे. आईबाप मेलेले चालतील, दरिद्री चालतील, कुठल्याही जातीधर्माचे चालतील. पण ते नवराबायको होते, एवढं कोणीतरी भरवशाचं सांगायला हवं. ओसरीवर सापडलेल्या पोरींना या बायांनी दूध पाजलं, अंगभर कपडा घातला, अक्षर शिकवलं, खरूज झाली तर स्वतःच्या हातानं मलम चोळलं. आणि आपल्या पंगतीला बसवायची वेळ आली की मधे हा नियम. सूट मिळत असे, पण ती संस्थेच्या मुख्य घराकडून, आणि ते घर सातासमुद्रापलीकडं. तिकडं लढाई पेटलेली. पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नव्हती.

दर हिवाळ्यात हैदराबादहून मदर, म्हणजे या सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठ, यायच्या. त्या साली त्या आल्या तेव्हा सिस्टरांनी माझा विषय काढला. मी चहा घेऊन दारात उभी होते, मला सगळं ऐकू आलं. मदर काही दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे, मी काय आंधळी नाही. गावात हिच्या आईबापांना ओळखणारं कोणी असेल तर उद्या माझ्यापुढं आणा. ते माणूस खरं बोलतंय असं सिस्टर, तुम्ही मला सांगा. तुमच्या शब्दावर मी हिला घेऊन जाईन."

मी कप ठेवला आणि मागच्या दारानं बूबूच्या घरी पळाले. बूबू जर्दा मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बस, इतकंच? मग रडती कायको?"

बूबूची चूक एवढीच झाली की तिनं सिस्टरांना आधी सांगितलं. दोघींची मैत्री जुनी होती. अडलेल्या बाळंतिणीशी कितीदा त्या दोघी मिळून झगडल्या होत्या. चांगल्या कामासाठी बोललेलं खोटं मैत्रिणीपासून काय लपवायचं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. सिस्टर एका म्हाताऱ्याच्या पायाचा नारू गुंडाळत होत्या, मी गरम पाणी धरून होते.

"सिस्टरबाई, आज म्या मदरला सांगती," बूबू म्हणाली. "हिची माय धनगराची. मेंढरं घिऊन हिकडं आल्ते. बाप पटकीनं गेला, माय बाळंतपनात. लगीन म्या सोता बघितलं, हळदीला होते म्हनती. समदं पक्कं बसवलंय डोक्यात."

"बूबू, पाटीवरचं फडकं आपण दोघींनी उचललं होतं."

"हौ, उचललं की. पर मदरला कुठं ठावं हाय?"

सिस्टर त्यावर बोलल्या नाहीत. काडीला वेढा दिला, पट्टी बांधली, म्हाताऱ्याला उद्या ये म्हणाल्या. त्यांचं ते गप्प बसणं मी होकार समजले. गरजवंताला अक्कल नसते. मी दुपारपर्यंत माझी दोन लुगडी धुऊन वाळतही घातली.

दुपारी मदर खुर्चीवर बसल्या, बूबू समोर जमिनीवर. मी भिंतीला टेकून. बूबूनं काय सुरेख सांगितलं! धनगरांचा तळ कुठं होता, नवरीचं लुगडं कसलं होतं, बाप किती उंच होता आणि नाक कसं माझ्यासारखंच होतं. ऐकता ऐकता मला ते दोघं दिसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला आईबाप झाले. मला हसू येत होतं. मदरनाही ते पटलं असावं, कारण त्या माझ्याकडं बघून किंचित हसल्या. मग त्यांनी सिस्टरांकडं मान वळवली.

"सिस्टर, ही बाई सांगते ते खरं आहे?"

मी सिस्टरांकडं बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"नाही, मदर."

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही, की खरं नाही?"

"खरं नाही. बूबू हिच्या मायेपोटी बोलतात. हिचे आईबाप कोण, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नाही."

माहीत नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. मदरनी तशी फट ठेवली होती, मला आजही वाटतं की मुद्दाम ठेवली होती. या बाईनं ती स्वतःच्या हातानं बुजवली.

बूबू उठली. तिचा आवाज चढला नाही. "या हातांनी अर्धं गाव जगात आनलं, सिस्टरबाई. त्या हातांची तुमी आज खोटी म्हनून इज्जत काढली. न्हाय येनार म्या परत." पदर सावरून ती गेली. धर्म करता कर्म उभं राहिलं ते असं.

मदर माझ्याशी मायेनंच बोलल्या. गुलबर्ग्याकडं एक चांगला ख्रिस्ती मुलगा आहे, लग्न लावून देऊ म्हणाल्या. मी नको म्हणाले. मग इथंच दवाखान्यात काम कर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर हैदराबादला एक मुलगी गेली. माझ्याहून लहान, मीच तिला वेणी घालायला शिकवलं होतं. तिचे आईबाप प्लेगात गेलेले, पण त्यांचं लग्न सगळ्या गावाला माहीत होतं. जाताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला लवकर गाडीत बस म्हणाले, कारण मला तिचं तोंड बघवत नव्हतं.

त्या संध्याकाळी सिस्टर माझ्याजवळ आल्या.

"पोरी, त्या खोट्यावर उभी राहून तू देवापुढं शपथ घेतली असतीस. मला ते करता येईना."

"मी राहिले असते उभी," मी म्हणाले. "माझे पाय होते, तुमचे नव्हते."

त्यांनी हात पुढं केला. मी भांडी घासायला निघून गेले.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत गेले. कापूस द्या, पाणी उकळलं, रोगी संपले. त्यांनी मला कधी टोकलं नाही. संध्याकाळच्या जपमाळेलाही मी बसत नसे, चुलीशी बसायची. आई जेऊ घालीना अन् बाप भीक मागू देईना, अशी माझी गत. घर सोडून जायला जागा नाही, आणि घरात मी कोण तर कामवाली. गावातले लोक मला 'छोटी सिस्टर' म्हणायचे. एकदा एका बाईला मी त्यावरून तोंडानं एवढं झोडपलं की ती औषध न घेताच पळाली. माझा राग खरा होता आणि तो मी कोणासाठी कमी केला नाही.

असं चालत चालत रझाकारांचं वर्ष आलं. गावं ओस पडायला लागली. लोक रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूरकडं जायचे. बाजार बंद, नाक्यांवर माणसं उभी, कोण कोणाचा काही कळेना. मदरचा निरोप आला की सगळ्या सिस्टरांनी मुलींना घेऊन ताबडतोब सोलापूरला जावं. आणि त्याच आठवड्यात दवाखान्याच्या सिस्टर अंथरुणाला खिळल्या. मुदतीचा ताप. गाडीचा धक्का त्यांना सोसला नसता. हुकूम मोडायचा नाही म्हणून बाकीच्या दोघी रडत रडत मुलींना घेऊन निघाल्या. मला हुकूम लागूच नव्हता. मी कुठं सिस्टर होते? म्हणून मी राहिले. व्हेल मिळाला असता तर मलाही त्या गाडीत बसून जावं लागलं असतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एकटीच हसले, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं.

दोन दिवसांनी बूबू आली. बुरख्याखाली तांदळाचं गाठोडं होतं. त्या दिवसांत हिंदूच्या दारात मुसलमान आणि मुसलमानाच्या दारात हिंदू दिसला तरी लोकांच्या भुवया वर जायच्या. हिनं कोणाला विचारलं नाही. त्या हिवाळ्यानंतर ती पहिल्यांदाच आमची पायरी चढत होती. सरळ आत जाऊन तिनं सिस्टरांच्या कपाळावर हात ठेवला.

"बूबू," सिस्टर म्हणाल्या, "मला माफ करा."

"गप पडा. ताप हाय तुमाला," बूबू म्हणाली आणि पेज करायला चुलीकडं गेली.

आम्ही दोघींनी पाळीपाळीनं केलं. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, पेज पाजायची, कूस बदलायची. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. औषध काय द्यायचं ते सिस्टर स्वतःच सांगायच्या, आणि बाटली रिकामी झाल्याचंही त्यांनाच आधी कळलं. फादरना निरोप धाडला, पण वाटा बंद, कोणी येऊ शकलं नाही. शेवटच्या कबुलीजबाबावाचून जावं लागणार याचं त्यांना दुःख होतं. त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण दाराकडं सारख्या बघत होत्या.

त्या गेल्या त्याच्या आदल्या दुपारी ताप जरा उतरला. मी उशाशी बसले होते. त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच धरू दिला.

"त्या दिवशी मी मदरना 'हो' म्हणायला हवं होतं का?"

मी दुसऱ्या हातानं त्यांच्या कपाळावरचं फडकं उलटं केलं.

"मी रोज स्वतःला विचारते. खरं बोलले, तर तू तुटलीस. फादर आले असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच सांग. खरं सांग. मी तुझं वाटोळं केलं का?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. हो, केलंत. एका शब्दानं केलंत. मला तुमची व्हायचं होतं आणि तुम्ही मला दारात उभं ठेवलंत. हे सगळं मी इतक्या वेळा मनात घोकलं होतं की झोपेतही म्हणू शकले असते. त्यांचा हात काटकीसारखा झाला होता, आणि गरम होता.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर केलंत. माझं काही बिघडलं नाही. मला आता तसं व्हावंसंही वाटत नाही. खरंच."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या गेल्या. सिस्टरांना न्हाऊ घालायचं काम फक्त सिस्टरांचं, बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, अशी रीत. घरात सिस्टर कोणी नव्हतीच. बूबूनं पाणी तापवलं, मी पाट मांडला. तिनं पाणी घालायचं, मी अंग चोळायचं. पाय धुताना मी बूबूला आदल्या दुपारचं सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं.

"अच्छा केलीस," बूबू म्हणाली.

"त्यांना खरं वाटलं, बूबू. एवढ्या लवकर खरं वाटलं त्यांना."

बूबूच्या हातातला तांब्या थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"येडी हायस का गं? जलमल्यापासून तुजं एक तरी खोटं सुटलं का त्यांच्या हातनं? वळखलं त्यांनी. तुज्यासाटी गप बसल्या."

मग मात्र माझ्यानं पुढं काही करवेना. मी त्यांचे ओले पाय तसेच छातीशी धरून बसले आणि ओरडून रडले. बूबूनं मला उठवलं नाही. राहिलेलं पाणी तिनं एकटीनंच घातलं.